येऊन राहिलो जी! टेकडीच्या एकाच वाटेवर सायकल, कुत्रं आणि टिटवी

पुण्याकडचे पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला असतो. "नागपूरला डोंगर कुठे आहेत हो?" मी त्यांना सेमिनरी हिल्सवर नेते. "ही? ही तर टेकडी!" असं म्हणून ते हसतात. हसू देते. पण सकाळी सहा ते आठ या वेळात तिथल्या मुरमाच्या पायवाटेवर उभं राहून पाहा म्हणावं. काठी टेकत येणारे काका, कानात बोंडं घातलेली कॉलेजची पोरं, जाड टायरच्या सायकलींचा रविवारचा जत्था, पट्ट्याला ओढत नेणारी सहासात कुत्री, आणि हे सगळे जायची वाट पाहत रायमुनियाच्या जाळीत दबून बसलेली लांडोर. वाट मात्र एकच, दीड हात रुंद.

मी शाळेत गणित शिकवते, सुरेंद्रगडच्या बाजूला राहते. घरात गिअरची सायकल आहे आणि शेंगा आहे. शेंगा म्हणजे आमची गावठी कुत्री. भुईमुगाच्या शेंगांच्या हातगाडीखाली सापडली, म्हणून हे नाव. मंगळवार-गुरुवारी मी टेकडीवर तिच्यासोबत असते, शनिवार-रविवारी सायकलवर. त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या आहेत आणि दोन्हीकडून दिल्याही आहेत. पुढचं सगळं त्यातूनच शिकलेलं आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. तेव्हा मी तो डबीतून दोरी सुटणारा पट्टा वापरायचे, बटण दाबलं की पाच मीटर दोरी बाहेर. मी वाटेच्या उजव्या कडेला फोनवर बोलत उभी होते आणि शेंगा डाव्या कडेच्या झुडपात नाक खुपसून. मधे वाटेवर आडवी दोरी, सुतळीपेक्षाही बारीक. वरून एक पोरगा सायकलवर आला. त्याला मी दिसले, कुत्री दिसली, दोरी दिसली नाही. गळ्याखालचं हाड मोडलं त्याचं. संध्याकाळी मी घरी भेटायला गेले तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, "ताई, त्याले दोरी दिसलीच नाही ना." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तो पट्टा मी त्याच रात्री फेकला. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही टेकडीवर नेऊ नका. मोकळ्या मैदानावर ठीक आहे, पायवाटेवर नाही. दोन मीटरचा जाड सुती पट्टा घ्या, भडक रंगाचा. मी त्यावर भगव्या कापडाच्या दोन चिंध्या बांधल्या आहेत. ध्यान दिसतं, पण दिसतं हे महत्त्वाचं.

ब्रेकचं गणित

सायकलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. शाळेतल्या पोरांना वेग-वेळ-अंतर शिकवताना मी हेच उदाहरण देते.

ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर काही दिसल्यापासून बोटं ब्रेकवर घट्ट होईपर्यंत एक सेकंद धरा. साडेपाच मीटर तिथेच गेले. सुट्या मुरमावर ब्रेक लागल्यानंतरही सायकल आणखी चार मीटर जाते. म्हणजे साडेनऊ मीटर. आता ताशी 30 घ्या. हेच अंतर 17 मीटर होतं. वेग दीडपट, थांबायला जागा जवळपास दुप्पट. पटत नसेल तर उतारावर चुन्याची रेघ मारा आणि मोजा.

यातून एकच नियम निघतो: जेवढी वाट दिसते तिच्या अर्ध्यात थांबता आलं पाहिजे. अर्ध्यात का? कारण उरलेली अर्धी समोरून येणाऱ्याची. तोही तुमच्यासारखाच येत असतो. उन्हाळ्यात पानगळ झालेली असते, सागाच्या खोडांमधून पुढचं वळणसुद्धा दिसतं, तेव्हा जरा सोडायला हरकत नाही. श्रावणात गवत छातीला लागतं आणि वळणावर जेमतेम 12 मीटर दिसतात. अर्धे केले की सहा. सहा मीटरमध्ये थांबायचं तर ताशी 14 च्या वर जाताच येत नाही. त्या पोराची सायकल त्या दिवशी नक्कीच त्याहून जोरात होती. पण दोरी माझी होती.

ब्रेक दोन्ही वापरा, पुढचा हळुवार. मागचं चाक लॉक करून धूळ उडवत घसरणं फोटोत छान दिसतं. टेकडीवर त्या घसरणीची चरी उरते, पहिल्या पावसात तिची नाली होते आणि दिवाळीपर्यंत काकांच्या काठीला जागा राहत नाही. पावसाळ्याबद्दल एवढंच: मुरमावर पाणी झिरपतं, तिथे पाऊस उघडल्यावर तासा-दोन तासांनी चालतं. काळ्या मातीच्या पट्ट्यात जाऊच नका. टायरला माती धरून चाक फिरेनासं झालं तर उतरा आणि आल्या वाटेने परत या. डबक्याला वळसा घालून नवी वाट पाडू नका, दीड हाताची वाट अशीच चार हातांची होते.

आधी कोण

माझा क्रम असा: आधी जनावर, मग चालणारा, मग कुत्रं धरलेला, शेवटी सायकल. सायकली दोनच असतील तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा पॅडल मारणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. उतरणाऱ्याने थांबायचं, बाजूला व्हायचं, वाद नाही.

आवाज कसा द्यायचा यावर मात्र मी पुष्कळ प्रयोग केले. "साइड, साइड!" ओरडलं की चालणारा दचकतो आणि कुठल्या तरी एका बाजूला उडी मारतो; ती बाजू बहुतेक वेळा तुमचीच असते. "डावीकडून" म्हटलं तर लोक इमाने इतबारे डावीकडेच सरकतात. त्यांनी शब्द ऐकला, अर्थ आपल्या सोयीने लावला. मग माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे यासाठी तयार वाक्य आहेच. तीसेक मीटरवरून घंटी एकदा, कर्कश नाही, टिंग करून. मग वेग चालण्याइतका करून: "काका, येऊन राहिली जी! तुम्ही तसेच चाला." "तसेच चाला" हे महत्त्वाचं. माणूस जिथे आहे तिथे राहिला की वळसा आपल्याला घेता येतो. जागा नसेल तर उतरा. मागे आणखी सायकली असतील तर जाता जाता सांगा, "मागं अजून दोघं हाय." नाहीतर पहिला गेला म्हणून काका वाटेच्या मधोमध येतात आणि दुसरा त्यांच्यावर.

जत्थ्याने जाणाऱ्यांना एक विनंती. बाराजणांची रांग पायवाटेवर आणू नका. चारचारचे गट करा, मधे पाच मिनिटं सोडा. आणि दोन्ही कानात बोंडं घालणाऱ्या चालणाऱ्यांनो, एक कान तरी मोकळा ठेवा ना.

शेंगाकडून शिकलेलं

नियमाने सायकलने थांबायचं हे खरं. पण कुत्र्याच्या डोक्यात नियमाचं पुस्तक नसतं. भर्रकन जाणारी वस्तू दिसली की तिच्यामागे पळायचं, एवढंच त्याला आईच्या पोटातून येतं. म्हणून घंटी ऐकली की मी स्वतःच वाट सोडते, नियम माझ्या बाजूने असला तरी. करायचं असं. तुम्ही आणि कुत्रं दोघं एकाच कडेला, हे पहिलं. मग कुत्रं झाडीच्या बाजूला, तुम्ही वाटेच्या बाजूला, म्हणजे सायकल आणि त्याच्या मधे तुमचे पाय. पट्टा आखूड धरा पण ताणू नका. ताणलेला पट्टा म्हणजे "काहीतरी भयंकर येतंय" अशी वर्दीच. बसवा. बसलं की खाऊ.

खाऊ म्हणून मी उकडलेल्या अंड्याचे तुकडे डबीत नेते. सायकल दिसली की तुकडा, सायकल गेली की तुकडे बंद. दोनेक महिन्यांत शेंगाचा असा समज झाला की सायकली अंडी घालतात. घंटी वाजली की ती आता माझ्या तोंडाकडे बघते. हे एकदम टेकडीवर सुरू करू नका. आधी घराखाली उभ्या सायकलजवळ, मग कोणीतरी हाताने ढकलत नेणाऱ्या सायकलजवळ, मग हळू चालवलेल्या. शेजारच्या पोराला कुल्फीच्या बोलीवर चार संध्याकाळी राबवलं मी.

भुंकणं ही शेवटची पायरी असते. त्याच्याआधी कुत्रं थिजतं, मान पुढे, कान उभे, शेपटी ताठ, तोंड मिटलेलं. ते दोन सेकंद तुमचे. तेव्हाच नाव घेऊन वळवा आणि उलट दिशेने चार पावलं चाला. भुंकायला लागल्यावर ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही सोबत भुंकताय.

सायकलवाल्याच्या मागे कुत्रं लागलंच तर? पळवू नका सायकल. थांबा, उतरा, सायकल मधे आडवी धरा, डोळ्यात डोळे घालू नका, आवाज खाली. बहुतेकांचा रस पळणाऱ्या चाकात असतो, उभ्या माणसात नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी मेयोत किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यांत, जा. पुढच्या सुयांच्या तारखा कार्डावर लिहून देतात, त्यातली एकही चुकवू नका. हळद, मिरची, चुना काही लावू नका. आमच्या मोलकरणीने पोराच्या पायाला मिरची लावली होती, म्हणून सांगते.

टेकडीवर भटक्या कुत्र्यांना बिस्किटं टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दया समजते. पण रोज एकाच वळणावर खाऊ पडला की तिथे टोळी बसते, आणि बिस्किट संपल्यावर ती टोळी सशामागे लागते. खाऊ घालायचाच तर आपल्या फाटकाच्या आत घाला आणि नसबंदी-लशीचं बघा. आपल्या कुत्र्याची लसही दरवर्षीची, रेबीजची आणि डिस्टेंपरचीही. हा डिस्टेंपर कुत्र्यापुरता राहत नाही. 2018 मध्ये गीरच्या जंगलात 20 हून अधिक सिंह मेले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता.

विष्ठा उचला. पिशवीत बांधून झुडपाला टांगणारे लोक आहेत. ते कोणासाठी टांगतात, हे मला अजून कळलेलं नाही.

टिटवी ओरडली की

टेकडीवर रोज एक म्हातारे बाबा भेटतात. जन्म जंगलखात्याच्या मजुरीत गेला त्यांचा. एका एप्रिलमध्ये मी सायकल थांबवून डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या टिटवीचा व्हिडिओ काढत होते. बाबा लांबूनच म्हणाले, "म्याडम, ते तुमाले पाहून गाणं नाही म्हणून राहिली. अंडे शिजून राहिले तिचे."

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या मुरमात खळगा, त्यात चार अंडी, मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची. वाटेपासून दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. नागपूरचा पारा एप्रिल-मेमध्ये 45 च्या आसपास जातो. त्या उन्हात टिटवी अंडी उबवत नसते, ती सावली धरत असते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. आपण तिथे दहा मिनिटं उभे राहिलो तर अंडी तेवढा वेळ तव्यावर. म्हणून टिटवी ओरडत डोक्यावर आली की थांबायचं नाही, वाकून शोधायचं नाही, फोटो नाही. आल्या वाटेने मागे फिरा. पिल्लं बाहेर यायला चार आठवडे लागतात. तेवढे दिवस दुसरी वाट धरा आणि भेटेल त्याला सांगा.

लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच, झुडपाच्या बुडाशी अंडी घालते. ती ओरडत नाही, शेवटपर्यंत दबून बसते. पट्टा सुटलेल्या कुत्र्याला ती वासाने सापडते, आपल्याला कळतही नाही. पट्ट्यावरचं कुत्रंही अगदी निरुपद्रवी नसतं बरं का. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर केलेली एक पाहणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे पट्ट्याला बांधलेलं कुत्रं नुसतं वाटेने चालवलं तरी पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी कमी दिसली. हे वाचल्यावर मी शेंगाची वाट ठरवून टाकली: बाहेरची, रुंद, जिथे तशीही वर्दळ असते. आतल्या अरुंद वाटा तिच्यासाठी बंद. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या आसपासही नाही. मे महिन्यात तिथे येणाऱ्या जनावराला दुसरीकडे पाणी नसतं, आणि कुत्र्याचा वास असला की ते तहानलेलंच परत जातं. शेंगाचं पाणी मी बाटलीत नेते.

अंधारात जाऊ नका. मे महिन्यात साडेपाचला उजाडतं, जानेवारीत पावणेसातपर्यंत थांबावं लागतं, तर थांबा. संधिप्रकाशात रातवा हा पक्षी तापलेल्या वाटेवर चपटा बसतो. दिव्याच्या झोतात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकतो आणि तो अगदी चाकाखालून उडतो. थंडीत सकाळच्या उन्हाला घोणस त्याच वाटेवर पसरलेली असते. साप दिसला की पाच-सहा मीटरवर थांबा, त्याला जाऊ द्या, सायकल वरून काढायचा विचारही नको. कुत्र्याला चावला तर बांधाबांध करू नका, चालवू नका, उचलून न्या. टेकडीलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे नशीब समजा.

गोरेवाड्याच्या बाजूला गेलात तर रोही, म्हणजे नीलगाय, आणि चितळही दिसतात. रोही दिसली की सायकल उभी करा, बोलणं बंद, तिच्या आणि पिल्लाच्या मधून जाऊ नका. अभयारण्यात कुत्रं नेताच येत नाही, आणि सायकल फक्त वनविभागाने जिथे परवानगी दिली तिथे. फाटकावरचा फलक वाचा. "काय होते एकदा" म्हणू नका. बिबट्या लांबची गोष्ट वाटते, पण 2021 च्या उन्हाळ्यात एक बिबट्या शहराच्या पोटात, थेट महाराजबागेपर्यंत फिरून गेला. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. कुत्रं उचलता येण्याजोगं असेल तर उचला, नाहीतर अगदी जवळ ओढा. सायकल पुढे धरा, मोठ्याने बोलत उलट्या पावलांनी मागे सरा. मग 1926 ला फोन करा, तो वनविभागाचा क्रमांक आहे.

कुत्र्याच्या पायांबद्दल राहिलंच. मार्चपासून हाताची पालथी बाजू वाटेवर सात सेकंद टेकून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. घरी आल्यावर कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. आणि खाली उतरल्यावर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कितीही लाडाने बघत असेल तरी प्लेट चाटू देऊ नका. तर्रीतला कांदा कुत्र्याला विष आहे. शेंगाला मी सुके मुरमुरे देते आणि ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिची जमीन लाटली.

तो पोरगा आता बारावीत आहे. हाड जुळलं, सायकल पुन्हा सुरू झाली. मागच्या रविवारी वळणाआधीच टिंग ऐकू आलं, मग आवाज: "काकू, येऊन राहिलो! शेंगा कोणत्या साइडले हाय?"

"माझ्याच!" मी ओरडले.

तो उतरून, सायकल हाताने ढकलत आमच्याजवळून गेला. शेंगाने माझ्याकडे पाहिलं. डबीत एकच तुकडा उरला होता.